सत्तेचाळीस नंबरचं वांगं

आमच्या धंद्यात निकाल यायला दहा-बारा वर्षं लागतात, किस्से मात्र रोजच्या रोज तयार होतात! नवीन वाण काढायचं म्हणजे आधी दोन झाडांचं जमवायचं, मग त्यांची पोरं, नातवंडं, पतवंडं मोजत बसायचं. त्यात एक हंगाम पावसाने नेला, एक अळीने नेला आणि एक बैठकांनी नेला, की तोवर आपले केस पांढरे. हातात काय उरतं? एक जाड रजिस्टर, आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलेल्या भानगडी. परवा भुसावळला शाळेतल्या मैत्रिणी जमल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू काय रिसर्च करतेस ते काही आम्हाला कळत नाही बाई, पण तिथल्या गोष्टी तेवढ्या सांग!"

म्हटलं, घ्या!

फक्त एवढं ध्यानात ठेवा. मी वांग्यावर काम करते. आपलं भरताचं, हिरवं, लांबट, पोटात फुगलेलं वांगं. त्यात बी कमी, गर जास्त आणि अळीला सहजासहजी बळी न पडणारं असं एक वाण खानदेशाला द्यायचं, हेच माझं करिअर. आमचं केंद्र जळगाव आणि धुळ्याच्या मधे, हायवेपासून जरा आत. आणि मी ज्या वाणावर बारा वर्षं घातली, त्याचं नाव अजून पडलेलं नाही. रजिस्टरात त्याला नंबर आहे, सत्तेचाळीस.

*

मी पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. अप्पा, म्हणजे माझे वडील, भुसावळच्या लोको शेडमध्ये. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या. मला बघायला जळगावची मंडळी आली होती. मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलगी काय करते म्हणालात?"

अप्पा छाती काढून म्हणाले, "जेनेटिक्समध्ये रिसर्च!"

काकांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. अप्पांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तरी नाही. शेवटी आई पोह्यांच्या डिश घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, वांग्यांची लग्नं जुळवते. तीनशे जुळवली. स्वतःचंच तेवढं राहिलंय!"

काका, मावश्या एकमेकांकडे बघू लागले. मुलगा मात्र इतका हसला की त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. तो हसला म्हणून मी हो म्हटलं. आजही घरी वांग्याची भाजी झाली की तो विचारतो, "हे कुणाचं सासर?"

*

केंद्रावर पहिल्या दिवशी गेले ती थेट सरोदे सरांसमोर. सर आमचे प्रमुख. बारीक, ताठ, बोलणं मोजकं. मी नमस्कार केला.

सर म्हणाले, "किती वर्षांत वाण द्याल?"

मी ऐटीत म्हटलं, "आठ!"

सरांनी रजिस्टर ओढलं आणि माझ्यादेखत लिहिलं, "बारा."

मग त्यांनी मला दोन नियम सांगितले. पहिला, नोंद केल्याशिवाय बियाणं जागचं हलवायचं नाही. दुसरा, प्रयोगाचं वांगं कुंपणाबाहेर जाता कामा नये. एकसुद्धा नाही! किडकं वांगंही खड्ड्यात पुरायचं. "प्रयोगाचं वांगं घरी नेणं म्हणजे परीक्षेचा पेपर घरी नेणं," असं ते म्हणत. एकदा एका शिपायाच्या डब्यात भरीत निघालं, तर सरांनी त्याला बाजारची पावती मागितली होती!

स्वतः सर रोज सकाळी सहाला, आम्ही कोणी यायच्या आत, प्लॉटमध्ये एक चक्कर मारत. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. डिसेंबरातही छत्री! धुळ्याकडे डिसेंबरात पाऊस कुठला? पण सरांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

मी एकदा भीतभीत विचारलं, "सर, फळाचं वजन लिहितो, लांबी लिहितो, बिया मोजतो. चवीचं काय?"

"चवीला युनिट काय?" सर म्हणाले.

मी मापाची पट्टी खाली ठेवली.

"ज्याला युनिट नाही, त्याला रजिस्टरात जागा नाही."

विषय संपला. भरताच्या वांग्यावर काम करणारं केंद्र, आणि वांगं तोंडात घालायचं नाही! मला तेव्हा सरांचा फार राग यायचा, आणि तो मी घरी जाऊन नवऱ्यावर काढायचे.

*

आमची खरी गुरू सुमनअक्का. ती पलीकडच्या गावची, रोजंदारीवर यायची. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच ओळखायची, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर अलगद काढायचे, वर बटर पेपरची पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे परागकण आणून लावायचे, हे काम. माझ्या हातून दहातल्या चार कळ्या मोडायच्या. अक्काच्या हातून एकही नाही.

एकदा बांधावरून जाणारा एक शेतकरी थांबला. प्रत्येक फुलावर कागदी पिशवी बघून म्हणाला, "अक्का, वांगासले टोप्या कसाले घाल्यात?"

अक्का मान वर न करता म्हणाली, "लगीन ठरेल शे त्यासनं. पारका भवरा ईसन बिघाडी टाकी!"

पुस्तकात याच गोष्टीला पाऊण पान लागतं.

पण अक्काचं आणि विज्ञानाचं एकाच ठिकाणी वाजलं. संकर झाला की पुढच्या पाच-सहा पिढ्या झाडाला स्वतःचेच परागकण देत राहावं लागतं, म्हणजे वाण पक्कं होतं. हे अक्काला समजावलं, तर तिने चिमटाच खाली ठेवला.

"सहा पिढ्या सोतासंगेच लगीन? मंग काय व्हई माय! म्हनीसनच ह्या आठ नंबरनं तोंड उतरेल शे!"

मी जाऊन बघितलं. आठ नंबरची झाडं खरंच पिढीगणिक खुजी होत चालली होती. मी आकडे काढून सरांना दाखवले. सर म्हणाले, "याला पुस्तकात मोठं नाव आहे. कोणाच्या लक्षात आलं?" मी अक्काचं नाव सांगितलं. सरांनी रजिस्टरात नोंद केली, "निरीक्षक: सुमनअक्का." तारखेसकट! अक्काने ते पान मला तीनदा वाचून दाखवायला लावलं.

*

पाचोऱ्याला बियाण्याचं एक जुनं दुकान आहे. मालक शेठजी, घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. तीन पिढ्या वांग्याचं बी विकतायत आणि घरात कोणी आजवर वांगं खाल्लेलं नाही. त्यांच्यात वांगं चालतच नाही!

मी एकदा आमच्या पाच ओळींचं, म्हणजे होऊ घातलेल्या पाच वाणांचं, एकेक वांगं त्यांच्याकडे घेऊन गेले. सरांची लेखी परवानगी घेऊन, वांगी मोजून. परत आल्यावर ती पाचही सरांना दाखवायची होती. शेठजींनी प्रत्येक वांगं तळहातावर तोललं, देठ बघितला, अंगठ्याने हलकंच दाबलं. सत्तेचाळीस हातात घेऊन मात्र ते थांबले.

"ताई, हे चालेल. भट्टीत टाकलं की लोण्यासारखं होईल."

"शेठजी, तुम्ही तर वांगं खात नाही!"

"म्हणून तर सांगतोय!" शेठजी म्हणाले. "जो खातो तो आपल्या आईच्या हातचं आठवून बोलतो. माझं कुणाशी नातं नाही."

इतका निष्पक्ष परीक्षक मला त्यानंतर मिळाला नाही. हो, अजून एक मिळाला, पण तो पुढे.

*

त्या वर्षी शेतकरी मेळावा झाला. माझं पहिलं मोठं भाषण! मी रात्रंदिवस स्लाइड केल्या होत्या. गुणसूत्रं, जनुकं, रंगीत तक्ते, बाण. पुढच्या रांगेत एक आबा बसले होते. पांढरी टोपी, काठी दोन पायांच्या मधे. चाळीस मिनिटं ते डोळे न हलवता ऐकत होते. मला वाटलं, वा! एक तरी माणूस जिंकला.

प्रश्नांची वेळ आली आणि आबांनी काठी वर केली.

"ताई, तुमनं बठ्ठं समजनं. फक्त इतलं सांगा, काड्यासवर भाजाले कितला टाइम लागस?"

मी त्या वांग्याचे बावीस गुण मोजले होते. देठावरचे काटेसुद्धा मोजले होते! पण ते भाजायला किती वेळ लागतो, ते मला माहीत नव्हतं.

आबांनी दुसरा प्रश्न टाकला, "आनि सालटं एक झटकामा निंघस का?"

सगळा मांडव हसला. मीही हसले, पण कान गरम झाले होते. खानदेशातल्या माणसाला वांग्याचं दुसरं काय करायचं असतं? कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी लोटायची, साल काढून लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर कुटायची. आणि मी त्याला जनुकांचे बाण दाखवत होते. त्या दिवशी माझं संशोधन खरं सुरू झालं असं मी मानते.

दुसऱ्या दिवशी मी नवीन रकाना आखला, "भाजण्यास लागणारा वेळ, मिनिटांत." सर माझ्या टेबलाजवळ आले, रकान्यावर बोट ठेवलं.

"हा गुण कोणत्या यादीत आहे?"

"आबांच्या यादीत आहे, सर."

"मिनिटं हे युनिट आहे," सर म्हणाले. "चालेल."

म्हणजे भाजायला परवानगी मिळाली. खायला नाही! भाजलेली वांगी साल काढून, गर वजन करून, आम्ही खड्ड्यात पुरत होतो. अक्का तोंडाला पदर लावून उभी राहायची, कोणी गेल्यासारखी.

*

आणि त्याच हिवाळ्यात प्लॉटमध्ये चोरी सुरू झाली.

आमचे राखणदार नाना. मिशा मोठ्या, झोप त्याहून मोठी. एक दिवस सकाळी ते धापा टाकत माझ्याकडे आले. "मॅडम, चोर मोठा हुशार शे! इतल्या वळी सोडीसन तो फक्त सत्तेचाळीसवरच जास!"

मी धावत गेले. खरंच! साठ ओळी शेजारी-शेजारी, सगळ्या हिरव्यागार, आणि तोडलेले ताजे देठ फक्त सत्तेचाळीसवर. दोन दिवसांनी पुन्हा दोन वांगी, चार दिवसांनी पुन्हा दोन, आणि एकदा तर बियांसाठी राखलेलं पिकलं, पिवळं वांगंसुद्धा. फांदी न मोडता, देठ कात्रीने कापलेला. असा सभ्य चोर आम्ही कोणी पाहिला नव्हता!

मी सरांकडे गेले. सरांचा चेहरा दगडासारखा. "राखण वाढवा," म्हणाले.

"सर, राखण राहू द्या!" मला आनंद लपवता येईना. "मी हे रिपोर्टमध्ये घालू का? साठ ओळींतून त्याने हीच निवडली. त्याला लेबल कळत नाही, नंबर माहीत नाही, आपला त्याच्यावर दबाव नाही. सर, ही तर ब्लाइंड ट्रायल झाली! चव आहे हो याला!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चोराची साक्ष रिपोर्टमध्ये चालत नाही, मॅडम," ते म्हणाले.

चोरी दोन हिवाळे चालली. नानांनी एकदा कुत्रं बांधलं. कुत्र्याने सकाळी सरांनाच शेपूट हलवून दाखवलं, चोर काही सापडला नाही. पुढच्या वर्षी सर रिटायर झाले, धुळ्याला राहायला गेले. निरोप समारंभात त्यांनी मला आपलं जुनं चिमट्याचं पाकीट दिलं आणि बजावलं, "बारा लिहिलंय मी. तेरा होऊ देऊ नका." त्यांच्यानंतर चोरीही थांबली. नाना मिशांवर ताव देत म्हणाले, "कुत्राना धाक!"

*

आता जरा वाईट सांगते.

बियाणं आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो. प्रत्येक ओळीचं जपून ठेवलेलं बी, छोट्या पाकिटांत. सर रिटायर झाल्यानंतरच्या एका मे महिन्यात वरून एक पाहुणे आले. बैठकीचा विषय, "बियाणे संवर्धन." उकाडा असा की पंख्याची हवाही भाजत होती. कोणीतरी पाहुण्यांसाठी कूलर आणला. सॉकेट एकच. फ्रिजची पिन काढून कूलरची लावली. पाहुणे दोन तास संवर्धनावर बोलले, गार वाऱ्यात. ते गेले, कूलर गेला, आम्ही सुट्टीवर गेलो. पिन तशीच लोंबकळत!

तीन आठवड्यांनी मी फ्रिज उघडला. आत ओल कोंडलेली, पाकिटांवर बुरशी. इतर ओळींचं बी दुसऱ्या केंद्रांवरही होतं. सत्तेचाळीसचं नव्हतं. तिचं बी आमच्या कुंपणाबाहेर कधी पाठवलेलंच नव्हतं. पुढच्या उन्हाळी हंगामात पहिल्यांदा जाणार होतं.

मी होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं. उगवली एकोणीस रोपं. एकोणीस! ती मी जाळीच्या मांडवात लावली. अक्काने त्यांना हाताने पाणी घातलं. साऱ्या जगात सत्तेचाळीस नंबरची एकोणीस झाडं होती, आणि सकाळी उठल्या उठल्या मला त्यांचीच आठवण व्हायची. एकदा मुलाला ताप आल्याचा नवऱ्याचा फोन आला, तेव्हाही मी आधी मांडवात एक चक्कर मारली आणि मगच घरी निघाले. ते मला अजून लागतं.

पण झाडं तगली. हिवाळ्यात मी फुलं पिशवीत बंद केली, फळं धरली. ज्यांचं बी घ्यायचं त्या बेचाळीस फळांच्या देठाला लाल दोरा बांधला. बाकीची खुडून टाकली, झाडाची सगळी ताकद यांना मिळावी म्हणून. जानेवारीअखेर फळं पिकून पिवळी होतील, बी काढायचं आणि तीन केंद्रांना चाचणीसाठी पाठवायचं. नाही गेलं, तर ओळ यादीतून बाद. असा सरळ हिशोब होता.

*

डिसेंबरात निवड समिती आली. सरांच्या जागी आलेले नवीन साहेब उत्साही माणूस. ते नानांना म्हणाले, "पाहुणे खानदेशात आलेत, भरीत पार्टी झालीच पाहिजे. सगळ्यात उत्तम वांगी तोडा!" अक्का त्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मी हॉलमध्ये समितीला स्लाइड दाखवत होते. स्लाइड सत्तेचाळीसच्याच.

दुपारी शेतात पंगत बसली. काड्यांचा जाळ विझत आलेला, बडगीतून मिरची-लसणाचा वास उठलेला. समितीचे अध्यक्ष तिसऱ्यांदा भरीत घेत होते. बोटं चाटत मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या स्लाइड राहू द्या! आधी सांगा, हे भरीत कोणत्या वाणाचं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझी नजर जाळाच्या कडेला गेली. तिथे देठांचा ढीग होता. हिरवे, ताजे देठ. प्रत्येकाला लाल दोरा.

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी म्हटलं, "सत्तेचाळीस."

"अप्रतिम!" अध्यक्ष म्हणाले. "बाकी काही बघायचं नाही आम्हाला. जानेवारीअखेर बियाणं पाठवा!"

एका घासात माझं वाण पास झालं, आणि त्याच घासात संपलं.

मी नानांना बाजूला घेतलं. ते घाबरून गेले. "मॅडम, लाल दोरा म्हंजे बठ्ठासमा चांगलं फळ, हाई तुम्हीच सांगेल शे ना? साहेब म्हने उत्तम तेच द्या. मी उत्तम तेच दिन्हं!"

दहा वर्षं मीच सगळ्यांना तेच शिकवत आले होते. मी मांडवात जाऊन बसले आणि मोठ्याने रडले. बारा वर्षांत पहिल्यांदा. झाडांवर नवीन फुलं होती, पण त्यांचं बी तयार व्हायला मार्च उजाडला असता.

अक्का दुसऱ्या दिवशी आली. मांडवात एक फेरी मारली. मला वाटलं, आता नानांची कंबख्ती. पण ती नानांना एक शब्द बोलली नाही. पदराला हात पुसत, दुसरीकडेच बघत म्हणाली, "ताई, धुयाले जा. सरसले सांगीसन या."

"सर काय करणार गं आता?"

"सांगीसन तर या. आनि एक रिकामी पिशवी लई जा."

सरांनी रिटायर झाल्यावर पेरू लावलेत असं ऐकलं होतं. म्हटलं, अक्काला पेरू हवे असतील. माझा जीव जातोय आणि हिला पेरू सुचतायत!

*

धुळ्याला देवपुरात सरांचं बैठं घर. सर मफलर गुंडाळून ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. कूलर, बुरशी, एकोणीस झाडं, लाल दोरे. सरांनी विचारलं,

"नोंद केली?"

"कसली नोंद, सर?"

"फळं खाल्ल्याची. शेऱ्याच्या रकान्यात."

मला एकदम वाटलं, उठावं आणि निघून यावं. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "अहो, पोरगी उपाशी आलीय, तिला रजिस्टर कसलं विचारताय? चल गं आत. आधी जेव."

ताटात कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि भरीत. खायची इच्छा नव्हती, भरीत तर नकोच होतं. पण काकू समोर बसल्या होत्या, म्हणून एक घास घेतला.

आणि हात थांबला.

काल पंगतीत मी भाकरीचा तुकडा हातात धरूनच उठले होते, भरताला शिवले नव्हते. पण इतकी वर्षं मी त्या वांग्याचा गर बोटांनी चाचपलाय, त्याचा भाजल्यावरचा वास नाकात घेऊन खड्ड्यात पुरलाय. तोच गोडसर वास. जिभेला एक बी लागेना.

मी सरांकडे बघितलं. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

काकू कौतुकाने म्हणाल्या, "आवडलं ना? हिवाळ्यात आमच्याकडे हेच. यांना दुसरं वांगं चालतच नाही बाई! नोकरीत होते तेव्हापासून. सकाळी फिरून आले की छत्रीतून..."

सर एवढ्या जोरात खोकले की काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी ताटावरून उठले, तशाच उष्ट्या हाताने मागच्या दारी गेले. धुण्याच्या दगडापलीकडे आठ झाडं होती. ओळीत, समान अंतरावर. फुलांवर बटर पेपरच्या पिशव्या. खालच्या फांद्यांना पिकून पिवळी झालेली वांगी, आणि प्रत्येक देठाला लाल दोरा. जवळ पत्र्याचा डबा. त्यात वर्षावार पाकिटं, सरांचं बारीक, ताठ अक्षर. पिढी, तारीख, झाडाचा क्रमांक. आणि खाली एक रकाना, जो केंद्रावरच्या रजिस्टरात कधी नव्हता.

पहिल्या पाकिटावर, "चव: अडीच भाकरी."

दुसऱ्यावर, "चव: तीन भाकरी."

शेवटच्यावर, "चव: तीन भाकरी. चौथी सौ. ने दिली नाही."

डोळ्यांत पाणी होतं, आणि हसूही आवरत नव्हतं. मी डबा पोटाशी धरला आणि वळले. सर दारात उभे होते, हातात जुनं रजिस्टर आणि पेन.

"सर," मी म्हटलं, "म्हणजे ती चोरी..."

सरांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं.

"आधी हात धुवा आणि इथे सही करा, मॅडम. नोंद केल्याशिवाय बियाणं जागचं हलवायचं नाही!"